पंचवीसची रेघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुठल्याही भाजी मंडईबाहेर किंवा शिकवणीच्या क्लासखाली जरा वेळ उभे राहा. विजेवर चालणाऱ्या दोन दुचाक्या शेजारी शेजारी लावलेल्या हमखास दिसतील. रंग तोच, आरसे तेच, सीटखालची डिकीही तीच. एकीला पुढे-मागे हिरवी पाटी आणि त्यावर पांढरी अक्षरे, दुसरीला पाटीच नाही. पाटीवालीला आरटीओचे पासिंग लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याला लायसन आणि हेल्मेट लागते. बिनपाटीवालीला यातले काहीच लागत नाही. शाळकरी मुलगी, निवृत्त झालेले मास्तर, जेवणाची पार्सले पोहोचवणारा पोरगा, कोणीही चावी फिरवावी आणि निघावे. कायद्याच्या लेखी ही दुसरी गाडी मोटार नाहीच.

तिला मोटार असूनही आहे. हा चमत्कार केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००५ साली आलेल्या एका तरतुदीने घडवला. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, हे सरकारमान्य संस्थेने तपासून दिले, तर ती गाडी मोटार वाहन ‘मानली जाणार नाही’. मी कवी माणूस. मानणे हा आमचाही धंदा. आम्ही चंद्राला चेहरा मानतो, पावसाला पाहुणा मानतो आणि त्यामुळे कोणाचे फारसे बिघडत नाही. पण सरकार जेव्हा काही मानते किंवा मानत नाही, तेव्हा त्याचा हिशोब रस्त्यावरच्या कोणाला तरी चुकवावा लागतो. म्हणून ही पंचवीसची रेघ आली कुठून आणि तिच्या दोन बाजूंना कोण उभे आहे, हे आज पाहू.

रस्त्यावरच्या यंत्राला वेसण घालण्याची गोष्ट विलायतेत सुरू झाली. १८६५ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या गाडीने गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल याहून जोरात जायचे नाही आणि तिच्यापुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे. पुढे १८७८ मध्ये निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. आज याला आपण हसतो. पण त्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली होती. यंत्र रस्त्यावर नवे आहे, माणूस जुना आहे आणि सावध करण्याची जबाबदारी नव्याची आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. तिथे लोकांना नव्या मोटारीत बसवून फेऱ्या मारण्याचे प्रदर्शन चालू होते. त्यातली एक मोटार तिच्या अंगावर आली आणि ती मेली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली सापडून मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचे नाव नोंदलेले आहे. गाडी ताशी ४ मैलांनी चालली होती, असे चालकाने सांगितले. चौकशी झाली, अपघाती मृत्यू असा निकाल लागला आणि गोष्ट संपली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १४ नोव्हेंबर १८९६ ला, नवा कायदा लागू झाला. हलक्या मोटारींपुढे चालणाऱ्या माणसाची अट गेली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैल झाली. त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन मिरवणूक काढली.

१४ मैल म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटर. १८९६ साली मोटारीला मोठ्या मनाने दिलेला हा कमाल वेग. आज आपल्याकडे जवळजवळ त्याच वेगाच्या गाडीला कायदा म्हणतो, ही मोटारच नव्हे. आकडा जवळपास तोच राहिला, त्याकडे पाहणारे आपण बदललो.

गाडीला पाटी असावी ही कल्पना पॅरिसच्या पोलिसांची. १८९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हुकूम काढला, की मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक लिहिलेली पट्टी हवी. ब्रिटनमध्ये १९०४ पासून क्रमांक आले. आपल्याकडे १९१४ साली पहिला देशव्यापी मोटार कायदा झाला. गाडीची नोंदणी आणि चालकाचे लायसन, ही जोडी तेव्हापासूनची. त्यानंतर १९३९ चा कायदा आला. त्यातले विम्याचे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून लागू झाले. आपली गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर तिच्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा आधी उतरवायचा, अशी सक्ती आली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. गरीब माणसाने दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवू नयेत, हा त्यामागचा विचार. १९८८ चा आजचा कायदा याच पायावर उभा आहे.

मंडळी, या इतिहासात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही आहे. सरकारी कागदाला दोन तोंडे असतात. एक तोंड वसुलीकडे असते. तेच आपल्याला रोज दिसते, म्हणून आपण कागदाला कंटाळतो. दुसरे तोंड रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे असते. ते फक्त पडल्यावर दिसते.

वसुलीचे तोंड मी लहानपणी घरातच पाहिले. माझे अब्बा सायकलने गिरणीत जात. सायकलला दरवर्षी नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. पत्र्याचा छोटासा तुकडा, त्यावर साल आणि नंबर. वर्ष संपले की बिल्ल्याचे माणसे चौकात उभी राहत आणि बिल्ला नसलेली सायकल अडवीत. रात्री दिवा नसेल, डबल सीट असेल, तर पोलीस चाकाची हवा सोडून देई. दुसऱ्या पाळीहून परतणारा माणूस मग हातात सायकल धरून घरी येई. त्या बिल्ल्याने अब्बांना कधी काही दिले नाही, दरवर्षी पैसे मात्र घेतले. असले बिल्ले पुढे बहुतेक ठिकाणी बंद झाले आणि त्यांच्यासाठी कोणी रडले नाही.

मग लूना आली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. ५० सीसीचे इंजिन आणि शिवाय पायडल. बंद पडली तर सायकलसारखी मारत घरी न्यावी. मास्तर, नर्सबाई, विमा एजंट, दूधवाले यांची ती गाडी. पण पायडल असले तरी लूनाला नंबर होता, लायसन होते, विमा होता. १९८८ च्या कायद्याने ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवायची मुभा ठेवली, लायसन मात्र सोडले नाही. त्याच कायद्यात आज २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची दोन-तीन चाकी गाडी मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर आहे. पंचवीसचा आकडा तिथेही भेटतो. पण एवढ्या लहान इंजिनाच्या दुचाक्या आपल्या रस्त्यांवर कधी फारशा दिसल्या नाहीत, म्हणून त्या फटीतून कोणी आत आले नाही.

वीज आली आणि फटीचे दार झाले. त्याचाही नमुना बाहेरचाच. ब्रिटनने १९८३ मध्ये ठरवले, की २०० वॅटपर्यंत मोटर आणि ताशी १५ मैल वेग असलेली पायडलची सायकल चौदा वर्षांवरच्या कोणीही लायसनशिवाय चालवावी. याच सवलतीवर १९८५ च्या जानेवारीत सिंक्लेअर सी-५ नावाची बुटकी तीनचाकी निघाली. ट्रकच्या शेजारून जाताना ती दिसेल का, याच धास्तीने लोक बिचकले आणि वर्षाच्या आत तिचे उत्पादन बंद पडले. जपानमध्ये १९९३ साली यामाहाने वेगळा विचार केला. त्यांच्या सायकलमध्ये मोटर होती, पण ती पाय मारणाऱ्यालाच हात देणारी. पाय थांबले की मोटर थांबे. २००२ मध्ये युरोपने हाच विचार कायद्यात घातला : २५० वॅट, ताशी २५ किलोमीटर आणि पायडल मारणे थांबताच मोटर बंद.

आपल्या २००५ च्या नियमात हे आकडे आले, पायडलच्या सायकलबद्दलची शब्दरचनासुद्धा बरीचशी तीच आली. मात्र युरोपात पाय मारणे ही सवलतीची अट होती. आपण आकडे घेतले आणि पाय मारण्याची सक्ती काढून टाकली. नुसती मूठ पिळून चालणारी स्कूटरही रेघेच्या आत बसली. २५० वॅट म्हणजे घरातल्या साध्या मिक्सरच्या निम्मी ताकद. ती पाय मारणाऱ्याला मदत करायला पुरते. वजनदार स्कूटरवर दोन माणसे आणि गव्हाचे पोते घेऊन चढ चढायला ती पुरत नाही. म्हणजे रेघेच्या आतली प्रामाणिक गाडी आपल्याकडच्या वापराला अपुरी पडणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

पुढे सरकारचे धोरणही हिंदकळत राहिले. २०१० च्या अखेरीस केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याने विजेच्या गाड्यांना अनुदान सुरू केले. कमी वेगाच्या दुचाकीला जास्तीत जास्त ४ हजार रुपये, जास्त वेगाच्या दुचाकीला ५ हजार. मार्च २०१२ मध्ये ते थांबले आणि धंदा कोसळला. २०१९ मध्ये ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १० हजार कोटींचा आला, तेव्हा दुचाकीला अट घातली, की वेग किमान ४० किलोमीटर हवा. म्हणजे जिला कागदातून सूट, तिला पैसे नाहीत आणि जिला पैसे, तिला सगळे कागद. गरिबाची गाडी कागदातून सुटली, तशी सरकारच्या नजरेतूनही सुटली.

यातून काय झाले ते कुठल्याही दुकानात कळते. आमच्या शहरात मी एका दुकानात सहज चौकशी केली. दुकानदार तरुण, बोलण्यात मधाळ. म्हणाला, “चाचा, लायसन नको, नंबर नको, पोलीस विचारणार नाही. पंचवीसने पळते.” मी म्हटले, “पंचवीस म्हणजे फारच हळू.” तो हसला. “ते कागदावर हो. ही एक वायर काढली की चाळीस-पंचेचाळीस. फुकटात करून देतो.”

त्या वायरीची किंमत मात्र फुकट नाही. ती काढताच गाडी कायद्याने मोटार वाहन होते, तेही नोंदणी नसलेले आणि विमा नसलेले. चालवणारी मुलगी सोळा वर्षांची असेल, तर ती विनालायसन गाडी चालवणारी ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडीने गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाप समजत असतो, की आपण पोरीसाठी बिनकटकटीची गाडी घेतली. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम घेतली. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात फेरफार करून देणाऱ्या विक्रेत्याला गाडीमागे १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच २०१९ च्या दुरुस्तीत आहे. तरी चौकात उभे राहिले की सापडते ते गिऱ्हाईक. वायर काढणारा दुकानात बसलेला असतो.

आणि ज्याला धडक बसते त्याचे काय? समजा गाडी खरोखर पंचवीसच्या आतली आहे, वायर जागच्या जागी आहे. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. अशी गाडी सत्तरीच्या म्हातारीला लागली, तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरे. गाडीला नंबर नाही, म्हणून पळून गेलेला सापडत नाही. सापडला तरी विमा नाही. ती मोटार नाही, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दारही बंद. उरते दिवाणी कोर्ट, म्हणजे १९५६ पूर्वीचे दिवस. ज्याने धडक दिली तो तरी कोण? बहुधा पार्सल पोहोचवणारा एखादा भाड्याच्या गाडीवरचा पोरगा. त्याच्याकडून वसूल काय करणार? एक गरीब दुसऱ्या गरिबाला लागतो आणि दोघांच्या मध्ये उभे राहायला कोणी नसते.

२०१४ साली दिल्लीत हे फार क्रूरपणे दिसले. तिथे बॅटरीच्या रिक्षा हजारोंनी धावत होत्या, नोंदणी नाही, लायसन नाही. जूनमध्ये केंद्रीय परिवहन मंत्र्यांनी घोषणा केली, की ६५० वॅटपर्यंतच्या अशा रिक्षा मोटार वाहन मानल्या जाणार नाहीत. पुन्हा तेच ‘मानणे’. जुलैच्या अखेरीस त्रिलोकपुरीत अशा एका रिक्षेचा धक्का एका बाईला बसला, तिच्या कडेवरचे मूल उडाले आणि मिठाईवाल्याच्या उकळत्या पाकाच्या कढईत पडले. मूल गेले. ३१ जुलैला उच्च न्यायालयाने या रिक्षांवर बंदी घातली आणि हजारो घरांच्या चुली एका दिवसात थंडावल्या. शेवटी सरकारने नियम केले, २०१५ मध्ये कायदा दुरुस्त केला, लायसन आणि नोंदणी देऊन रिक्षा पुन्हा रस्त्यावर आणल्या. हे दोन वर्षे आधी झाले असते, तर बंदीची वेळ आली नसती.

नुसती बंदी घालून भागत नाही, हेही जगाने पाहिले आहे. न्यूयॉर्कमध्ये विजेच्या सायकली बरीच वर्षे बेकायदा होत्या. त्या चालवत कोण, तर हॉटेलांतले जेवण घरोघर पोहोचवणारे, बाहेरच्या देशांतून आलेले मजूर. पकडले की ५०० डॉलर दंड आणि सायकल जप्त. जेवण मागवणारा घरात सुरक्षित. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्याने त्या सायकली कायदेशीर केल्या तेव्हा कुठे हे थांबले. चीनने १९९९ मध्ये ताशी २० किलोमीटर आणि ४० किलो वजन अशी रेघ आखली होती. कारखानदारांनी तिच्याकडे सर्रास काणाडोळा केला. २००९ मध्ये सरकारने जड गाड्यांना मोटारसायकल ठरवायचे मनात आणले, तर इतका गदारोळ झाला की ते मागे ठेवावे लागले. २०१९ पासून २५ किलोमीटर आणि ५५ किलो अशी नवी रेघ आली. आज तिथे अशा दुचाक्या तीस कोटींहून जास्त आहेत. पण चीनने एक गोष्ट केली. रेघेच्या आतल्या विजेच्या सायकलला लायसन लागत नाही, तरी तिची नोंदणी होते आणि तिला पाटी मिळते.

जर्मनीची रीत तर मला आमच्या जुन्या बिल्ल्याची चुलत बहीण वाटते. तिथे मोपेडला विमा कंपनीचीच छोटी पाटी असते. दरवर्षी मार्चपासून नवी, आणि दरवर्षी रंग वेगळा : काळा, निळा, हिरवा. लांबूनच कळते, की विमा चालू आहे की संपला. ताशी ४५ किलोमीटरच्या विजेच्या सायकलीला हीच पाटी लागते. २०१९ मध्ये उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटरला परवानगी दिली, तेव्हा ताशी २० किलोमीटरच्या त्या खेळण्यासारख्या गाडीलाही विम्याची चिकटपट्टी सक्तीची केली. पाय मारल्यावरच चालणाऱ्या पंचवीसच्या सायकलला मात्र काही लावले नाही.

आपल्याला हे का जमू नये? कागद म्हटला की खर्च आणि खेटे, अशी भीती असते आणि ती खरी आहे. पण खर्च आणि कागद वेगळे करता येतात, हे आपल्याच सरकारने करून दाखवले आहे. २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांची नोंदणी फी माफ झाली, नोंदणी मात्र राहिली. २०२२ साली जाहीर झालेल्या दरात ३ किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा दुसऱ्याच्या इजेसाठीचा विमा वर्षाला ४५७ रुपये होता. म्हणजे महिन्याला चाळीस रुपयांच्या आत. पंचवीसच्या आतल्या गाडीचा याहूनही कमी असायला हवा. लहान गाडीसाठी वेगळा नियम लिहिता येतो, हेही दिसले आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राने दुचाकी टॅक्सीला परवानगी दिली, तेव्हा ती विजेवरचीच हवी आणि एक फेरी १५ किलोमीटरच्या आत हवी, असे नेमके ठरवून दिले.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. पाय मारल्याशिवाय न चालणारी सायकल सायकलच राहू द्यावी, तिला कोणी हात लावू नये. मूठ पिळून चालणाऱ्या पंचवीसच्या गाडीला लायसन नको, आरटीओचे खेटेही नकोत. दुकानातच तिला फुकट पाटी लावावी आणि पाटीबरोबर दुसऱ्याच्या इजेचा विमा द्यावा. गाडी भाड्याने देणाऱ्याने तो विमा स्वतः भरावा, पोराच्या कमाईतून कापू नये. आणि वायर काढलेली गाडी सापडली, तर पहिला प्रश्न विकणाऱ्याला विचारावा. एवढे झाले, तर पत्र्याच्या त्या छोट्या तुकड्याचे दुसरे तोंडही आपल्या लोकांना दिसेल.

नाही तर आणखी एखादे मूल कुठल्या तरी चौकात बळी जाईल, दुसऱ्या दिवशी सगळ्याच गाड्यांवर बंदी येईल आणि क्लासला निघालेली पोरगी, औषधाला निघालेले मास्तर आणि पार्सल पोहोचवणारा पोरगा एकाच दिवशी पायी येतील.